आप्पांचा सातवा महिना

नोंद खोडायची नाही. का, ते विचारायचं नाही.

आमच्या घरात जेवायला कधी बसायचं याला नियम नव्हता, झोपायचं कधी यालाही नव्हता. पण या एका गोष्टीला होता. आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, नोकरीभर बोरी आणि आसपासच्या खेड्यांतून आरोग्यसेवक म्हणून हिंडले. सायकलच्या कॅरिअरला बांधलेलं लांबडं रजिस्टर आणि खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाला हिवताप, कुणाच्या पोराचा डोस राहिला, सगळं त्या रजिस्टरात. मी पाच-सहा वर्षांची असताना त्यातल्या एका ओळीवर लाल पेनानं मनसोक्त गिरगटलं. आप्पांनी मारलं नाही. नुसतं बघितलं आणि म्हणाले, "वैशू, नोंद खोडायची न्हाई बाळा. कामून, ते इचारायचं न्हाई. खोडायची न्हाई म्हंजी..."

पुढं ते काहीतरी सांगत होते. मी तोवर अंगणाच्या बाहेर. मोठ्या माणसांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायची सवय मला तेव्हाही नव्हती आणि, खोटं कशाला बोलू, आजही नाही.

ते पुढचं अर्धं वाक्य ऐकलं असतं तर माझी जी फजिती झाली ती झाली नसती. चहा घ्या तोवर, सांगते सगळं.

मी परभणीत एका छोट्या संस्थेत नोकरी करते. बोरीहून रोज एसटीनं जाते-येते. काम काय करते हे आईला अजून नीट समजावता आलेलं नाही. ती शेजारी सांगते, "दवाखान्याचंच काम हाय, पण सुई देत न्हाई." तसं ते बरोबरच आहे.

बघा, तुम्ही दवाखान्यात जाऊन म्हणता, अंगात कसर आहे. इथल्या नर्सबाईला कळतं की ताप नाही, पण तापासारखं काहीतरी आत आहे. तोच कागद दूरच्या मोठ्या दवाखान्यात गेला की तिथले डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात. म्हणून प्रत्येक तक्रारीला एक कोड द्यायचा, दोन अक्षरं आणि चार आकडे. नर्सबाईनं मोबाईलवर "कसर" दाबलं की आत कोड जातो, आणि तो कोड कुठल्याही गावात एकच गोष्ट सांगतो. त्या कोडांची यादी तयार करणं हे माझं काम. गावोगाव जाऊन माणसं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात ते ऐकायचं आणि प्रत्येक शब्दाला त्याची जागा द्यायची. यादी झाडासारखी असते. पोट ही एक फांदी, छाती एक, कातडी एक. त्यांना डहाळ्या, डहाळ्यांना पानं. प्रत्येक पान एकाच डहाळीला.

ऐकायला रुक्ष वाटतं ना? मला मात्र या कामात तंद्री लागते. संध्याकाळी एसटीच्या खिडकीशी बसलं की बाहेर कापसाची रानं मागं पळत असतात आणि माझ्या डोळ्यांपुढं ते झाड वाढायला लागतं. इतकं वाढतं की पाथरीपासून जिंतूरपर्यंत त्याची सावली पडते. पान न् पान कुणाच्या तरी दुखण्याचं. कुणाची पाठीत भरलेली उसण, कुणाची सरकलेली बेंबी, कुणाच्या तळपायाची आग. वारा आला की सगळी पानं एकदम कुजबुजतात आणि मला वाटतं, चला, आता जिल्ह्यातलं एकही दुखणं बेवारस नाही. असं वाटेपर्यंत माझा थांबा मागं गेलेला असतो. कंडक्टर आता मला बोरी यायच्या आधीच हाक मारतो.

तर एक शब्द मात्र बेवारस राहिला होता. चारठाण्याच्या जुन्या देवळाच्या पायऱ्यांवर एक बाई भेटली. भरल्या घरातली, धडधाकट. मी विचारलं, काय होतं तुम्हाला? तिनं बराच वेळ समोरच्या दगडी खांबाकडं बघितलं आणि म्हणाली, "दुखत न्हाई कुठं. पण जीव कुठंच लागत न्हाई बाई."

आमच्या मॅडम म्हणाल्या, "इतर" मध्ये टाक. मॅडम म्हणजे संस्थेच्या प्रमुख, स्वतः डॉक्टर, माणूस म्हणून चांगल्या. पण "इतर" म्हणजे अडगळीची खोली. तिथं टाकलेलं परत कुणी बघत नाही. मी दोन दिवस भांडले आणि त्या शब्दाला स्वतःचा कोड मिळवून दिला. एवढंच नाही, ही नोंद झाली की गावच्या आशाताईनं त्या माणसाची चौकशी करायची आणि दोन प्रश्न विचारायचे, असंही बसवलं. प्रश्न मीच लिहिले: कधीपासून लागत नाही? कुणाला सांगितलंय का? फक्त ते पान कोणत्या फांदीला लावायचं हे ठरेना. छातीला? डोक्याला? झोपेला? तो शब्द माझ्या डोक्यात फुलपाखरासारखा फिरत राहिला, कुठं बसेचना.

आता मुख्य गोष्ट.

यादी चालते का हे बघायला आधी खोटी माणसं भरावी लागतात. मी एक आख्खी वाडी भरली. नावं मनानं ठेवली, दुखणी मनानं दिली. बसल्या बसल्या माणसं तयार करायची, यात काय सुख आहे म्हणून सांगू! पण त्या दिवशी सकाळी घरून निघताना आप्पांशी वाजलं होतं. ते म्हणाले होते, जुन्या नर्सबायांना बसवून विचार, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी म्हणाले, तुमचा सायकलचा जमाना गेला. ते म्हणाले, सायकल गेली, पण तू ऐकून घेत नाहीस ते तसंच आहे. मी पाय आपटत बस पकडली.

दुपारी एक तपासणी उरली होती. यादीनं अशक्य गोष्ट नाकारली पाहिजे. म्हणजे पुरुष गरोदर, असं भरलं तर तिनं "नाही" म्हटलं पाहिजे. त्यासाठी एक पुरुष हवा होता. सकाळचा राग ताजा होता. मी आप्पांचं नाव टाकलं. पूर्ण नाव, गाव बोरी, वय अडुसष्ट, त्यांचा मोबाईल नंबर. सातवा महिना. बटण दाबलं.

यादी म्हणाली, "नोंद झाली. काळजी घ्या."

मी एकटीच फिसकन हसले. वहीत लिहिलं, "पुरुष गरोदर होत आहे, दुरुस्त करणे." आणि तेवढ्यात खिडकीबाहेरच्या कडुलिंबाची बारीक पांढरी फुलं वाऱ्यावर गिरक्या घेत खाली यायला लागली. अशी हळू, की जणू कुठं उतरावं हे त्यांचंही ठरत नव्हतं. मला ती चारठाण्याची बाई आठवली. पुन्हा तो शब्द आला, पुन्हा झाड वाढलं. भानावर आले तेव्हा पाचची बस धरायची वेळ झाली होती.

वही मिटली. दुरुस्ती वहीतच राहिली.

पुढच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी यादी खरी सुरू होतेय, त्याआधी तुझी खोटी माणसं पुसून टाक, शुक्रवारनंतर काहीच पुसता येणार नाही, तूच तसं बांधलंयस. ते खरं होतं. पुसण्याचं बटण मी ठेवलंच नव्हतं. आप्पांचा नियम मी त्यांना न सांगता कॉम्प्युटरात घातला होता, आणि मनातून मला त्याचा अभिमानही होता. मॅडम आणखी काही सांगायला लागल्या. मी म्हटलं, कळलं मॅडम, कळलं.

बसले पुसायला. एकेक मनातलं माणूस पुसत गेले. थोडं वाईटही वाटत होतं, चांगली वाडी होती हो. शेवटी आप्पांचं नाव आलं. मी थांबले. आणि माझ्या या शिकलेल्या डोक्यात काय विचार आला असेल? तर, हे काही खोटं माणूस नाही, हे तर आपले आप्पा.

ठेवले तसेच.

पंधरा दिवसांनी आमच्या गावच्या आशाताई, शोभाताई, दारात उभ्या. हातात गोळ्यांची पाकिटं, चेहरा कसनुसा. मी घरी नव्हते, हे सगळं आईनं नंतर सांगितलं. शोभाताई म्हणाल्या, "आप्पा, माझ्या मोबाईलवर तुमचं नाव लाल झालंय."

"लाल म्हंजी?"

"जोखमीचं. वय जास्त, पहिलीच खेप, आन् एकदाबी तपासणी न्हाई."

आप्पांनी मोबाईल हातात घेऊन, डोळ्यांपाशी नेऊन, लांब धरून, पुन्हा जवळ आणून वाचायचा प्रयत्न केला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका ओळीच्या दोन ओळी दिसतात. तरी रोज वहीत गावातला पाऊस, जन्म, मरण लिहायचे. ओळ सरळ जावी म्हणून पट्टी ठेवून. शेवटी शोभाताईंनीच वाचून दाखवलं. आई म्हणते, आप्पा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ते म्हणाले, रजिस्टरात आलंय तर काहीतरी कारण असंल, आण, कुठं सही करू? आयुष्यभर लोकांच्या मागं लागून गोळ्या दिलेला माणूस. आपल्यावर वेळ आली तर नाही कसं म्हणणार? लोहाच्या गोळ्या घेतल्या, सही केली, गोळ्या घेताना फोटोसुद्धा काढून दिला.

संध्याकाळी मी आल्यावर त्यांनी ते पाकीट माझ्यापुढं ठेवलं. तू पांढरी पडलीस, तू खा म्हणाले. कुणाच्या बायकोची नोंद चुकून माझ्या नावावर आली असंल, असं त्यांचं मत. आणि मी? मी त्या वेळी खिडकीतून चंद्र बघत होते. "हं" म्हणाले आणि पाकीट कपाटात टाकलं. एवढं समोर येऊनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

गावात मात्र पेटलं. शेजारच्या काशीकाकूंनी ताटलीभर कोवळ्या चिंचा पाठवल्या. चावडीपाशी आप्पांना बसायला जागा करून द्यायला लागले. सावकाश बसा म्हणायला लागले. कुणी तर ओटी कधी भरायची म्हणून विचारलं. आप्पा सगळ्यांना एकच सांगत, दुरुस्ती हुईल, फिकीर करू नका.

मग आलं डोळ्यांचं शिबिर. जिंतूरला, दोन दिवसांचं. बाहेरून मोठे डॉक्टर आले होते, परत कधी येतील ते कुणाला ठाऊक नव्हतं. आप्पा पहाटेच अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून तयार. गाडीत मला म्हणाले, "डोळा झाला की पट्टी लागणार न्हाई लिहायला." एवढंच. पण ते इतक्या हळू म्हणाले की मला पहिल्यांदा कळलं, हे माणूस किती दिवस अंधुकात लिहीत बसलंय.

टेबलावरच्या माणसानं नाव टाकलं. स्क्रीनकडं बघितलं. आप्पांकडं बघितलं. पुन्हा स्क्रीनकडं.

"आप्पा, कॉम्प्युटर घेत न्हाई तुमाला. गरोदर दाखवायलाय. आठवा लागलाय. ऑपरेशन बाळंतपणानंतर म्हणतोय."

आणि तेव्हा, बरं का, तेव्हा माझ्या डोक्यात ती वही उघडली. खिडकी, लिंबाची फुलं, "पुरुष गरोदर होत आहे, दुरुस्त करणे." पायाखालची फरशी मऊ झाल्यासारखी वाटली. त्यालाही माझ्याकडं कोड आहे, पण त्या वेळी आठवला नाही.

टेबलावरचा माणूस मदतीला धावणारा निघाला. म्हणाला, सोपं आहे, बाळंतपण झालं असं दाखवू, सुखरूप. मी म्हटलं, दाखवा. त्यानं दाबलं. यादीनं विचारलं, बाळ मुलगा की मुलगी? वजन किती? रकाना रिकामा सोडता येत नव्हता. तोही माझाच कडकपणा. आणि मला पुढचं सगळं दिसलं. बाळाची नोंद होणार, त्याच्या लसी निघणार, शोभाताई दर महिन्याला दारात येणार आणि आप्पांचं लेकरू शोधत बसणार.

आप्पा उठून उभे राहिले. "खोटी नोंद? माझ्या नावावर? चल वैशू, घरला. डोळा गेला तर गेला."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आप्पा, मी केलंय हे. त्यांना सगळं सांगितलं, सकाळच्या भांडणापासून. ते परत खाली बसले. मग म्हणाले, मला सातवा महिना दिलास, निदान जेवायला तरी नीट घालायचं होतंस.

यादी पहिल्यांदाच शिबिरात वापरायची म्हणून मॅडम तिथंच आल्या होत्या, आतल्या खोलीत डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांपाशी. आम्ही चौघं त्या खोलीत बसलो. मॅडम म्हणाल्या, पुसता येत नाही. डॉक्टर म्हणाले, यादीत दुरुस्ती झाल्याशिवाय मी हात लावू शकत नाही, आणि उद्या दुपारी आम्ही निघतो. मी म्हणाले, नियमच तसा आहे, नोंद खोडायची नाही.

"अगं पण खोडायची न्हाई म्हंजी चूक तशीच ठिवायची असं कुणी सांगितलं तुला?" आप्पा म्हणाले. "एक बारीक रेघ मारायची. खालचं वाचाया आलं पायजे. बाजूला लिहायचं कामून मारली, आन् खाली सही. हेच सांगायलो होतो तवा. तू पळालीस."

वीस वर्षांनी वाक्य पूर्ण झालं.

मी लॅपटॉप उघडला आणि तिथंच बाकड्यावर ती रेघ बांधायला बसले. पुरुषाला गरोदर होऊ न देणारा अडसरही घातला. दोन तास लागले. आप्पांचा डोळा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला, हे आताच सांगून टाकते, तुम्हाला उगाच घोर नको. पण त्याआधी शेवटचा एक रकाना उरला होता. रेघ मारण्याचं कारण. आणि या रकान्यात मनाचं काही लिहिता येत नव्हतं, यादीतलाच कोड निवडायचा आणि ज्याचं कारण त्याचं नाव टाकायचं.

मॅडम खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "यंत्रातील बिघाड" टाक, तो कोड आहे आपल्याकडं. डॉक्टर म्हणाले, सगळीकडं तेच टाकतात. मी आप्पांकडं बघितलं. वाटलं, हे तरी नियमाला धरून बोलतील. आप्पा धोतराचा सोगा नीट करत म्हणाले, "टाक बाई तेच. पोरीच्या नोकरीला कशाला डाग."

ज्या माणसानं आयुष्यात एक ओळ खोटी लिहिली नाही, तो माझ्यासाठी लिही म्हणत होता.

"नाही," मी म्हणाले. "मी नाही टाकणार. यंत्राचं काही बिघडलेलं नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं इमानानं लिहून घेतलं. रुसून तुमचं नाव टाकलं मी, खिडकीबाहेर बघत बसले मी. मॅडम, नोकरीवरून काढायचं तर काढा. आप्पा, तुम्ही सांगितलंत तरी खोटं कारण मी लिहिणार नाही."

आप्पा खाली मान घालून गालातल्या गालात हसले.

मी यादी वर-खाली केली. इतके दिवस डोक्यात फिरणारं ते फुलपाखरू अलगद येऊन बसलं. कारण: जीव कुठंच लागत नाही. नाव: माझं. बटण दाबलं. आप्पांच्या नावावरून एक बारीक रेघ गेली, खालचं सगळं वाचता येत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बोरीहून शोभाताई.

"वैशू, माझ्या मोबाईलवर तुझं नाव आलंय गं," त्या काळजीनं म्हणाल्या. "कव्हापासून लागत न्हाई जीव? आन् घरी कुणाला सांगितलंस का न्हाई?"

खोलीत इतकी शांतता होती की ते तिघांनाही ऐकू गेलं.